मूळ संख्या भागून ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात विज्ञानाच्या पानावर आपण आजवर सापडलेल्या सर्वात मोठ्या मूळ संख्येविषयी जवळजवळ अर्धे पान दिलेत, याबद्दल आधी आभार मानतो. एरवी मराठी दैनिकात गणिताची आठवण दहावीचा पेपर अवघड गेला की निघते. मी ठाण्यातल्या एका शाळेत तीसेक वर्षे गणित शिकवून निवृत्त झालो आणि आता ऐरोलीत राहतो. त्यामुळे तो लेख मी दोनदा वाचला, आणि दुसऱ्या वाचनानंतर हे पत्र लिहिणे भाग पडले.

पहिली चूक माझ्या नव्हे, आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या आठवीतल्या मुलीच्या लक्षात आली. लेखाच्या मथळ्याखाली ठळक अक्षरांत ती संख्या "२१३६२७९८४१ – १" अशी छापली आहे. मुलगी कात्रण घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, यातून एक वजा केला की शेवटी शून्य येतं. म्हणजे दहाने भाग जातो. मग ही मूळ संख्या कशी?" प्रश्न बिनतोड होता. खरी संख्या आहे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. छापताना घातांक वरून खाली घसरला, पायाच्या २ ला येऊन चिकटला आणि ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांच्या संख्येची दहा अंकी सम संख्या होऊन बसली. छपाईत असे होते, त्याबद्दल तक्रार नाही. या पत्रात मी घात मुद्दाम शब्दांत लिहीत आहे, म्हणजे पुन्हा घसरायला जागा राहणार नाही.

तक्रार आहे ती लेखातल्या एका वाक्याबद्दल. "संगणकाने या संख्येला तिच्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येने भागून पाहिले आणि कशानेच भाग जात नाही हे पाहून ती मूळ असल्याचे जाहीर केले," असे आपल्या लेखकाने लिहिले आहे. हे वाक्य चुकीचे आहे, आणि चूक तपशिलाची नाही. ही संख्या मूळ आहे हे माणसाला कसे कळले, यातच त्या शोधाचे सगळे मर्म आहे. या वाक्याने नेमके तेच झाकले जाते, आणि वाचणाऱ्या मुलांच्या मनावर असे ठसते की मोठे यंत्र आणि भरपूर वीज असली की झाले.

आधी हे भागून पाहणे का शक्य नाही ते सांगतो. शाळेत शिकवतो त्याप्रमाणे सर्व लहान संख्यांनी भागण्याची गरज नसते, वर्गमुळापर्यंत भागले तरी पुरते. पण या संख्येचे वर्गमूळच २ कोटी ५ लाखांहून अधिक अंकांचे आहे. समजा, सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतके भागाकार करणारे यंत्र आपल्याकडे आहे आणि ते विश्वाच्या आरंभापासून, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षे, अखंड चालू आहे. तरीही आजवर त्याचे एकूण भागाकार ३६ अंकी संख्येत मावतील. म्हणजे ते यंत्र जेमतेम ३६ अंकी भाजकांपर्यंत पोहोचले असते आणि त्याला जायचे होते २ कोटी ५ लाख अंकांपर्यंत. यंत्र हजारपट किंवा अब्जपट वेगवान केले तरी ३६ च्या जागी ३९ किंवा ४५ येतील, एवढाच फरक.

मग कळले कसे? त्यासाठी या संख्येचे रूप पाहावे लागते. २ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर जी संख्या येते, ती जर मूळ असेल तर तिला मर्सेन मूळ संख्या म्हणतात. सतराव्या शतकातील मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाचे ते नाव. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, लिहिली तर अशी संख्या म्हणजे नुसत्या एकांची ओळ असते. ३१ म्हणजे पाच एक, १२७ म्हणजे सात एक, आणि आपली संख्या म्हणजे १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एक, एकाला लागून एक. घातांक मूळ नसेल तर ही ओळ समान तुकड्यांत मोडते. सहा एकांची ओळ दोन-दोनच्या तीन तुकड्यांत किंवा तीन-तीनच्या दोन तुकड्यांत मोडते, म्हणून ६३ ला ३ आणि ७ या दोन्हींनी भाग जातो. ९९९९९९ ला ९९ ने आणि ९९९ ने भाग जातो, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा घातांक मूळ असणे आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७, ही २३ गुणिले ८९ निघते.

या २३ आणि ८९ कडे थोडे निरखून पाहावे. दोघांनाही २२ ने भागले की बाकी १ उरते, आणि २२ म्हणजे घातांकाची दुप्पट. हा योगायोग नाही. घातांक २ हून मोठी मूळ संख्या असेल, तर अशा संख्येच्या प्रत्येक अवयवाला घातांकाच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ च उरते, हे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे आपल्या संख्येला, १ सोडून, २७ कोटी २५ लाख ५९ हजार ६८२ पर्यंतच्या कोणत्याही संख्येने भाग जाणार नाही, हे यंत्र सुरू करण्याआधीच कागदावर सांगता येते. प्रत्यक्ष शोधातही नवा घातांक हाती घेतला की या साच्यात बसणाऱ्या लहान भाजकांनी थोडे भागून पाहतात, कारण त्यातच भाग गेला तर पुढची मेहनत वाचते. आपल्या लेखकाचा गोंधळ कदाचित इथेच झाला असेल. या भागण्यातून संख्या बाद होऊ शकते. ती मूळ आहे असे मात्र कधीच ठरत नाही.

मूळ असल्याचा निर्वाळा देणारी कसोटी वेगळी आहे. तिचा पाया एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७० च्या दशकात घातला आणि १९३० च्या सुमारास अमेरिकेच्या डी. एच. लेमर यांनी तिला आजचे रूप दिले. ती इतकी सोपी आहे की त्या मुलीला मी ती वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर करून दाखवली. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे, आलेल्या संख्येला आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करायचे. हे घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा करायचे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. ३१ साठी घातांक ५, म्हणजे तीन फेऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. १९४ ला ३१ ने भागले तर बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२. आणि ६२ म्हणजे ३१ ची दुप्पट, बाकी शून्य. झाले. २ ने, ३ ने, ५ ने भागून पाहिलेच नाही, तरी ३१ मूळ आहे हे सिद्ध झाले.

यात आणखी एक गंमत आहे, आणि मोठ्या यंत्राचा वेळ खरा तिथेच वाचतो. १९४ ला ३१ ने भागण्यासाठी भागाकार मांडावाच लागत नाही. १९४ म्हणजे ३२ चे सहा गठ्ठे आणि वर २. ३२ च्या प्रत्येक गठ्ठ्यातून ३१ काढले की १ उरतो, म्हणून सहा गठ्ठ्यांचे ६ आणि वरचे २ मिळून ८. द्विमान पद्धतीत याचा अर्थ एवढाच की लांब संख्येची घडी घालायची आणि वरचा भाग खालच्या भागात मिळवायचा. नऊने भागल्यावर उरणारी बाकी आपण अंकांची बेरीज करून काढतो, त्या युक्तीचेच हे भावंड आहे. ठाण्यात शाळा शिकलेले आणि देवळालीला शिक्षक म्हणून आयुष्य काढलेले द. रा. कापरेकर अंकांच्या अशाच खेळांतून ६१७४ या स्थिरांकापर्यंत पोहोचले; त्यांच्याजवळही कागद-पेन्सिलीपलीकडे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी परत आली ती वहीची दोन पाने भरून. तिने २०४७ वर तीच कसोटी नऊ फेऱ्या चालवली होती: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य आले नाही, म्हणजे २०४७ संयुक्त. सातव्या फेरीत तिचा एक हातचा राहिला होता, तो तिनेच शोधून काढला होता. पण तिचा खरा प्रश्न पुढे होता: "यात २३ आणि ८९ कुठे आहेत?" कुठेच नाहीत. १७३६ कडे कितीही वेळ पाहिले तरी ते अवयव त्यात दिसत नाहीत. कसोटी संख्या संयुक्त आहे एवढेच सांगते आणि अवयवांबद्दल गप्प राहते. मला वाटते, आपल्या लेखातल्या त्या एका वाक्याने जे पुसून टाकले ते नेमके हेच. संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणे आणि तिचे अवयव शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले तुलनेने सोपे, दुसरे फार अवघड.

याचा जुना दाखला २ चा ६७ वा घात वजा १ या संख्येचा. मर्सेनने १६४४ मध्ये दिलेल्या यादीत ही संख्या मूळ म्हणून नोंदलेली होती. १८७६ मध्ये ल्युकाने ती संयुक्त असल्याचे दाखवले, पण तिचा एकही अवयव त्याला देता आला नाही. अवयव मिळाले ते सत्तावीस वर्षांनी. १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले आणि चकार शब्द न बोलता त्यांनी एका बाजूला २ चा ६७ वा घात वजा १ करून १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या मांडली, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला, आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावर तसेच जागेवर जाऊन बसले, असे सांगतात. या कामाला तीन वर्षांचे रविवार गेले, असे त्यांनी पुढे सांगितल्याची कथाही प्रसिद्ध आहे. उत्सुकता म्हणून मी त्या दोन्ही अवयवांना १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागून पाहिले. दोन्हीकडे बाकी १.

आता पुन्हा मोठ्या संख्येकडे वळतो. तिच्यासाठी कसोटीच्या फेऱ्या होतात १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८३९, आणि जवळजवळ प्रत्येक फेरीत सुमारे ४ कोटी १० लाख अंकांच्या संख्येचा वर्ग करायचा असतो. शाळेतल्या उभ्या मांडणीने असा एक वर्ग करायचा तर सुमारे सतरा लाख अब्ज एकअंकी गुणाकार होतील. म्हणून तिथे फूरिए रूपांतराची जलद पद्धत, म्हणजे प्रचंड संख्यांचा गुणाकार झटपट करण्याची एक गणिती युक्ती, वापरतात आणि तो डोंगर काही हजारांश सेकंदांत ओलांडता येईल इतका लहान होतो. 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च' हा १९९६ पासून चालणारा स्वयंसेवकांचा प्रकल्प हेच काम करतो, आणि ही संख्या त्यातल्या ल्यूक ड्युरँट या अमेरिकन तरुणाच्या खात्यावर आहे. त्याने घरच्या संगणकाऐवजी १७ देशांतल्या डेटा सेंटरमधले ग्राफिक्स प्रोसेसर कामाला लावले. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिनमधल्या एका प्रोसेसरने संख्या बहुधा मूळ असल्याचा इशारा दिला, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या प्रोसेसरने ल्युका-लेमर कसोटी पुरी केली, आणि वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या आज्ञावलींनी पुन्हा पडताळून पाहिल्यावरच २१ ऑक्टोबरला घोषणा झाली. ऐरोलीहून महापेकडे जाताना डेटा सेंटरच्या ज्या बिनखिडक्यांच्या इमारती लागतात, तशाच कुठल्या तरी इमारतीत हे घडले असणार. आपला लेखक यंत्राने भारावला, ते मी समजू शकतो.

अशी संख्या अगदीच हाताबाहेरची आहे असेही नाही, हे मला मुलीला दाखवायचे होते. तिचे शेवटचे तीन अंक कोणीही पाच मिनिटांत काढू शकतो. ४ च्या पुढे गेल्यावर २ च्या घातांचे शेवटचे तीन अंक दर शंभर घातांनी तेच येतात, म्हणून १३६२७९८४१ ऐवजी त्यातले शेवटचे ४१ च घ्यायचे. १० व्या घाताचे शेवटचे अंक ०२४, त्याचा वर्ग केला की २० व्या घाताचे ५७६, पुन्हा वर्ग केला की ४० व्याचे ७७६, दुप्पट केली की ५५२, आणि १ वजा केला की ५५१. खऱ्या, पूर्ण लिहिलेल्या संख्येचे शेपूट ५५१ च आहे, पडताळून पाहावे.

अंक मोजताना मात्र मीच फसलो. जुने लॉगटेबल काढून २ चा लॉग ०.३०१०३ घेतला, घातांकाने गुणला आणि ४ कोटी १० लाख २४ हजार ३२१ अंक आले, म्हणजे लेखातल्यापेक्षा एक जास्त. दुसरी चूक सापडली म्हणून मी खूश झालो होतो. रात्री लक्षात आले की टेबलातला आकडा पाचव्या स्थानावर पूर्णांकित केलेला आहे, खरा लॉग ०.३०१०२९९९५७ असा किंचित कमी आहे, आणि एवढ्याशा फरकाला साडेतेरा कोटींनी गुणल्यावर जवळपास ०.५९ चा फरक पडतो. तो मधला पूर्णांक ओलांडायला पुरेसा होता. आपल्या लेखातली अंकांची संख्या बरोबर आहे.

दोन गोष्टी थोडक्यात. मथळ्यात "जगातील सर्वात मोठी मूळ संख्या" असे आहे, तिथे "ज्ञात" हा शब्द हवा होता. मूळ संख्या संपत नाहीत हे युक्लिडच्या काळापासून ठाऊक आहे. इतकेच नव्हे, तर १ हून मोठी कोणतीही पूर्ण संख्या आणि तिची दुप्पट यांच्या दरम्यान एक तरी मूळ संख्या असतेच. हे रशियन गणितज्ञ चेबिशेव्हने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केले आणि १९१९ मध्ये रामानुजन यांनी त्याची अतिशय सुटसुटीत सिद्धता दिली. म्हणजे या संख्येपुढे, तिच्या दुपटीच्या आत, तिच्याहून मोठी मूळ संख्या नक्की आहे. फक्त ती अमुक, असे बोट ठेवून कोणाला दाखवता येत नाही. आणि विक्रमाच्या यादीत बहुधा मर्सेन संख्याच का असतात, याचे कारणही कसोटीत आहे. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये कोणत्याही संख्येला लागू पडणारी निर्णायक पद्धत दिली. सिद्धान्त म्हणून ती फार मोठी गोष्ट आहे, पण चार कोटी अंकांपुढे ती व्यवहारात टिकत नाही. नुसत्या एकांची ओळ असली तरच ते वर्ग आणि घडीचे काम चालते.

दुसरे म्हणजे, "या शोधामुळे बँकांचे व्यवहार अधिक सुरक्षित होतील" हे वाक्य वगळावे. तिथे वापरात असलेल्या आरएसए या सांकेतिक कुलपाच्या पद्धतीत साधारण तीनशे-साडेतीनशे अंकांच्या दोन मूळ संख्या पुरतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. जी संख्या साऱ्या जगाला ठाऊक आहे आणि आपल्याही अंकात छापून आली आहे, तिचे कुलूप कोण करणार?

या पत्रातले काही छापायला जागा नसली तरी हरकत नाही. दुरुस्ती मात्र छापावी, आणि ती दोन ओळींची आहे: संख्या "२ चा १३६२७९८४१ वा घात वजा १" अशी वाचावी, आणि "प्रत्येक संख्येने भागून पाहिले" याऐवजी "ल्युका-लेमर कसोटीने मूळ ठरवले" असे वाचावे. आमच्या मजल्यावरच्या कात्रणात ही दुरुस्ती पेन्सिलीने आधीच झाली आहे. घातांकाभोवती गोल काढून बाण वर नेलेला आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
ऐरोली, नवी मुंबई